'सह नौ भुनक्तु' मधला 'नौ' आणि अँटिगनी: ग्रीक नाटक मूळ ग्रीकमध्ये शिकतात म्हणजे नेमकं काय करतात

पहिल्या दिवशी तासाभरात आमची एक ओळ वाचून झाली. एकच ओळ, सॉफोक्लीसच्या 'अँटिगनी' नाटकाची पहिली, पाच शब्दांची: "ओ कोइनॉन आउतादेल्फॉन इस्मेनेस कारा".

अँटिगनी पहाटे अंधारात बहिणीला, इस्मेनीला, राजवाड्याबाहेर घेऊन आलीये आणि तिला हाक मारतेय. भाषांतरात बहुतेक वेळा "माझ्या लाडक्या बहिणी इस्मेनी" असं काहीतरी सापडतं आणि आपण पुढे जातो. ग्रीकमध्ये शब्दाला शब्द ठेवला तर होतं, "हे सामायिक, सख्ख्या-सहोदर, इस्मेनीच्या मस्तका". ऐकायला विचित्र वाटतं, पण थांबून बघा. 'आदेल्फॉस' म्हणजे भाऊ, आणि हा शब्द ग्रीकमध्ये बनलाय 'एकत्र' अधिक 'गर्भाशय' असा, म्हणजे आपला सहोदर जसा बनलाय अगदी तसाच. त्याच्या पुढे 'आउत' लावून तो आणखी घट्ट केलाय, सख्ख्यातली सख्खी. 'कारा' म्हणजे डोकं, संस्कृतातल्या शिरस् चा लांबचा भाऊ, आणि ग्रीक शोकनाटकांत माणसाला मायेने नाहीतर मानाने हाक मारताना "अमक्याच्या मस्तका" म्हणायची पद्धत आहे. राहिला 'कोइनॉन', सामायिक. या दोघींमध्ये सामायिक काय आहे? आईबाप, रक्त, आणि ते घराणं, जिथे बाप ईडिपस हाच आईच्या पोटचा मुलगाही आहे, म्हणजे यांचा बाप यांचा भाऊसुद्धा लागतो. सामायिक हा शब्द त्या घरात नुसता प्रेमाचा राहतच नाही, त्याला शापाचा वास येतो. आणि हे सगळं पहिल्या ओळीत, अजून नाटकात काही घडलेलंसुद्धा नाही.

मी पुण्यात संस्कृत घेऊन बीए केलं आणि मग लंडनला ग्रीक शिकायला गेले, तेव्हापासून घरी आणि मित्रमैत्रिणींत हा प्रश्न येत राहतो की सगळ्या नाटकांची भाषांतरं मिळतात, मग मूळ भाषा शिकण्यात वर्षं कशाला घालवायची. त्याचं उत्तर नीट द्यावं म्हणून हे लिहितेय. ज्यांनी ग्रीक अक्षरही पाहिलेलं नाही त्यांनाही समजेल असा प्रयत्न आहे, आणि माझं म्हणणं एकच आहे, या नाटकांचा जीव बारक्या बारक्या शब्दांत आणि प्रत्ययांत आहे, भाषांतरात सगळ्यात आधी तेच गळतात, आणि मराठी माणसाला ते पकडणं वाटतं त्यापेक्षा खूप सोपं आहे.

आधी थोडक्यात माहिती. ही नाटकं इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातली, अथेन्स शहरातली. वसंतात डायोनिसस देवाचा मोठा उत्सव व्हायचा, त्यात तीन नाटककारांची स्पर्धा, प्रत्येकाने तीन शोकनाटकं आणि शेवटी एक मोकळंढाकळं सॅटर नाटक (सॅटर म्हणजे डायोनिससचे अर्धे माणूस अर्धे पशू असे सोबती, कोरस त्यांचा असायचा) द्यायचं. टेकडीच्या उतारावर उघड्यावर प्रयोग, मुखवटे घातलेले पुरुष नट, बोलणारे नट तीनच, आणि सोबत १२ किंवा पुढे १५ जणांचा कोरस जो गातो आणि नाचतो. शोकनाटकवाल्यांत तिघांची पूर्ण नाटकं आज हातात आहेत, एस्किलसच्या नावावर ७, सॉफोक्लीसची ७, युरिपिडीसच्या नावावर १९. विनोदी नाटकांत अ‍ॅरिस्टोफेनीसची ११. सॉफोक्लीसने एकट्याने शंभराहून जास्त लिहिली होती, त्यातली ७. सगळ्यात जुनं उरलेलं नाटक एस्किलसचं 'पर्शियन्स', इसवी सनपूर्व ४७२ चं.

युनिव्हर्सिटीत हे 'क्लासिक्स' नावाच्या विषयात येतं. पूर्वी इंग्लंडमध्ये शाळेतूनच ग्रीक शिकून आलेली मुलंच इथे पोचायची, आता ऑक्सफर्ड, केंब्रिजसकट बऱ्याच ठिकाणी शून्यापासून ग्रीक सुरू करता येतं. पहिलं वर्ष बहुतेक व्याकरण आणि सोपे उतारे, मग खरं नाटक हातात येतं, आणि तेव्हा लक्षात येतं की आठवड्याला शे-दोनशे ओळी तयार करून जायचं म्हणजे रोजचे दोन-तीन तास डिक्शनरीत जातात.

लिपीला लोक उगाच घाबरतात. २४ अक्षरं आहेत, आठवड्याभरात हाताखाली येतात, अर्धी तर आपण शाळेत गणितात वापरलेलीच असतात, अल्फा, बीटा, थीटा, पाय. उच्चारांत तर आपली मजा आहे. प्राचीन अथेन्समध्ये फाय हे अक्षर इंग्रजी एफसारखं नव्हतं, फळातला फ होता. थीटा म्हणजे थाळीतला थ, खाय म्हणजे खडूतला ख. प आणि फ, त आणि थ, क आणि ख हा फरक वर्गातल्या इंग्रज मुलांना कानाने पकडायला महिने लागतात, त्यांच्या भाषेत तो फरक अर्थ बदलत नाही म्हणून. आपल्याला काही करावंच लागत नाही. पुलंनी ईडिपसवरचं नाटक मराठीत आणलं तेव्हा नाव ठेवलं 'राजा ओयदिपौस', ते ईडिपसपेक्षा मूळ उच्चाराच्या कितीतरी जवळ आहे.

उच्चारातच आणखी एक गोष्ट आहे ती म्हणजे स्वर. वेद म्हणताना उदात्त, स्वरित असतात ना, आवाज वर चढवायचा, खाली आणायचा, तशीच प्राचीन ग्रीक होती, अक्षरावर जोर देण्याऐवजी सूर चढायचा उतरायचा. छापील पुस्तकात अक्षरांच्या डोक्यावर ज्या तिरक्या आणि वळणदार खुणा दिसतात त्या याच. याने किती फरक पडतो त्याची खरी घडलेली गोष्ट आहे. इसवी सनपूर्व ४०८ मध्ये युरिपिडीसचं 'ओरेस्टीस' रंगमंचावर आलं. नायक वेडाच्या झटक्यातून शुद्धीवर येतो आणि म्हणतो, लाटांमधून बाहेर पडून पुन्हा मला शांत समुद्र दिसतोय, "गालेन होरो". हेगेलोखॉस नावाच्या नटाने त्या 'गालेन' वर सूर चुकीचा लावला आणि वाक्य झालं, लाटांमधून बाहेर पडून मला मुंगसासारखा तो उंदीरमाऱ्या प्राणी दिसतोय. एका अक्षरावर सूर नुसता चढवायचा की चढवून उतरवायचा, एवढाच फरक. अथेन्सवाले विसरले नाहीत, तीन वर्षांनी अ‍ॅरिस्टोफेनीसने आपल्या नाटकात त्याची नक्कल घातली. म्हणजे हजारो लोक उघड्यावर बसून एकेका अक्षराचा सूर ऐकत होते, हे ज्याला कळलं तो पुढे ही नाटकं नुसती डोळ्यांनी वाचू शकत नाही, तोंडाने म्हणतोच.

आता व्याकरण. इथे ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलंय त्यांच्यासाठी खरा खजिना आहे. ग्रीक 'फेरो' म्हणजे मी वाहून नेतो, वेदातलं भरामि. भूतकाळात 'एफेरॉन', आपलं अभरम्, पुढे अ लागतो तसा तिकडे ए लागतो. 'दिदोमि' म्हणजे ददामि, 'तिथेमि' म्हणजे दधामि. आत्मनेपद आहे, विधिलिङ् चा भाऊ आहे, पहिला वर्ण दुप्पट करायची पद्धत आहे. विभक्त्या आठच्या जागी पाचच आहेत, सुटलो म्हणायचं. क्रियापदं मात्र छळतात, 'फेरो' चं भविष्य 'ओइसो' आणि भूतकाळातलं दुसरं रूप 'एनेन्कॉन', एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखे, पण आपणही जातो आणि गेलो म्हणतोच की, जा आणि गे मध्ये कुठे काय सारखं आहे, पाठ करायचं आणि पुढे जायचं.

आणि द्विवचन आहे. शाळेत रामौ, फले, आवाम्, युवाम् घोकताना सगळ्यांना प्रश्न पडतो की दोघांसाठी वेगळं वचन कशाला. मला त्याचं उत्तर अँटिगनीच्या वर्गात मिळालं.

नाटकाच्या तिसऱ्या ओळीत अँटिगनी म्हणते, आपण दोघी जिवंत असताना आपल्या वाट्याला यायचं असं कुठलं दुःख झ्यूस देवाने बाकी ठेवलंय. 'आपल्या दोघींना' यासाठी ग्रीक शब्द आहे 'नोइन', मूळ रूप 'नो', आम्ही दोघं. हा शब्द तुम्ही लहानपणापासून म्हणत आलाय. ॐ सह नाववतु, सह नौ भुनक्तु. तो 'नौ' म्हणजे आम्हा दोघांना, गुरू आणि शिष्य, आणि तो 'नौ' आणि हा 'नो' एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. वर्गात हे कळलं तेव्हा मी पुस्तक तसंच ठेवून दिलं आणि मनात तो मंत्र पूर्ण म्हटला.

पुढे बघा काय होतं. इस्मेनी उत्तर देते तेव्हा तीही द्विवचनात बोलते, आपण दोघी दोन भावांना मुकलो, एकाच दिवशी दोघे एकमेकांच्या हातून गेले, आता आपण दोघीच उरलोय. पूर्ण सुरुवातीचा प्रवेश दोन-दोनने भरलाय, दोन बहिणी, दोन भाऊ, द्विवचनावर द्विवचन. मग अँटिगनी सांगते की भावाचं प्रेत मी राजाची आज्ञा मोडून पुरणार, येतेस का. इस्मेनी घाबरते, नाही म्हणते. आणि त्यानंतर अँटिगनीच्या तोंडून स्वतःसाठी आणि बहिणीसाठी द्विवचन येत नाही. कुणी सांगत नाही की नातं तुटलं, रंगसूचना नाहीत, कोरस काही बोलत नाही. एक वचन नाहीसं होतं फक्त.

नाटकाच्या मध्यावर अँटिगनी पकडली जाते, इस्मेनी धावत येते, मीही गुन्ह्यात भागीदार आहे म्हणते, बहिणीबरोबर मरायला तयार होते. ती म्हणते, चूक आपल्या दोघींची सारखीच आहे, आणि इथे ती पुन्हा तोच शब्द वापरते, 'नोइन'. ती ते 'आपण दोघी' परत मागतेय. अँटिगनीचं उत्तर आहे, "सू मेन जेइस, हे द एमे प्सूखे पालाई तेथ्नेकेन". तू तर जिवंत आहेस, माझा जीव मात्र केव्हाच मेलाय. त्या ओळीतले 'मेन' आणि 'द' हे दोन चिमुकले शब्द त्या दोघींना कायमचं वेगळं करतात, एक इकडे, एक तिकडे. द्विवचनाला उत्तर म्हणून 'मेन' आणि 'द'. भाषांतर कितीही चांगलं असो, हा वार त्यात दिसणं फार अवघड आहे, कारण इंग्रजीत द्विवचन नाही आणि ते 'मेन' बहुतेक वेळा गाळूनच टाकावं लागतं.

या चिमुकल्या शब्दांबद्दल थोडं जास्त बोलते कारण मला सगळ्यात जास्त प्रेम त्यांच्यावरच आहे. ग्रीकमध्ये असे डझनावारी अव्ययं आहेत, 'मेन', 'द', 'गे', 'गार', 'तोइ', 'आरा'. स्वतंत्र अर्थ सांगता येत नाही, पण ती काढून घेतली की बोलण्यातला माणूसच निघून जातो. इंग्रजीत हे काम आवाजाच्या चढउताराने करतात म्हणून कागदावर काही उरत नाही, आणि इंग्रजीतून शिकवणाऱ्या पुस्तकांत पानंच्या पानं खर्चून समजावतात की 'गे' म्हणजे नक्की काय. मराठीत एका मिनिटात समजतं. 'गे' म्हणजे च, किंवा तरी. 'एगोगे' म्हणजे मी तरी, निदान मी. 'मेन' आणि 'द' म्हणजे तर आणि मात्र, तू तर गेलीस, मी मात्र राहिले. 'तोइ' म्हणजे "हे बघ हं" मधला हं, 'गार' म्हणजे आधी विधान करून मग कारण जोडताना आपण म्हणतो ना, "नाही आले, बरं नव्हतं ना", त्यातला तो ना. आपण दिवसभर च, तर, ना, की, बरं, हं, म्हणे यांच्यावर बोलत असतो, "तू येणार" आणि "तू येणारच" आणि "तू येणार ना" आणि "तू येणार तर" यातला फरक कुठल्याही मराठी पोराला न शिकवता कळतो. माझी वही मी दुसऱ्या वर्षापासून इंग्रजीत ठेवणंच बंद केलं, समासात मराठी लिहायला लागले, आणि पात्रं एकदम बोलायला लागली.

दुसरं उदाहरण मिडीयाचं. युरिपिडीसचं 'मिडीया', इसवी सनपूर्व ४३१, स्पर्धेत तिसरं म्हणजे शेवटचं आलं होतं. नवऱ्याने दुसरं लग्न मांडलंय आणि त्याचा सूड म्हणून मिडीया स्वतःच्या मुलांना मारायला निघालीये, आत एक झुंज चाललीये आणि ती म्हणते, मी काय वाईट करायला निघालेय ते मला कळतंय तर, पण माझ्या सगळ्या विचारांपेक्षा माझा 'थूमॉस' जोरकस आहे. इथेही 'मेन' आणि 'द', पण आता एकाच बाईच्या आत. 'थूमॉस' चं भाषांतर राग, संताप, भावना, मन असं काहीही केलेलं सापडतं. मुळात हा शब्द संस्कृत धूम चा भाऊबंद मानतात, धूर. आणि मराठीत आपण म्हणतोच, ती आतल्या आत धुमसतेय. धुमसणं यात राग आहे, अपमान आहे, वेळ आहे, बाहेर न दिसणारी आग आहे. मिडीया पहिल्या प्रवेशापासून धुमसतेय. मला याहून जवळचा शब्द कुठल्या भाषेत दिसलेला नाही.

आणि एक शब्द 'देइनॉस'. अँटिगनीमध्ये कोरसचं प्रसिद्ध गाणं आहे माणसावरचं, सुरुवात अशी की 'देइनॉस' गोष्टी पुष्कळ आहेत पण माणसाहून 'देइनॉस' काहीच नाही. मग माणूस समुद्र ओलांडतो, जमीन नांगरतो, बैल आणि घोडा जुंपतो, बोलायला शिकतो, शहरं वसवतो, फक्त मरणापुढे त्याचं चालत नाही. 'देइनॉस' म्हणजे भीतिदायक, आणि अद्भुत, आणि कमालीचा हुशार. भाषांतरकाराला एक बाजू घ्यावी लागते. अद्भुत म्हटलं तर ते माणसाचं कौतुकगीत होतं, भीषण म्हटलं तर इशारा होतो, आणि नाटकात ते दोन्ही आहे, कारण नुकतीच बातमी आलीये की कुणीतरी राजाज्ञा मोडून प्रेतावर माती टाकली. हा शब्द भीती या अर्थाच्या मुळावरून आलाय. आता मराठीत भयंकर घ्या. भयंकर अपघात झाला. ती भयंकर हुशार आहे. काय भयंकर सुंदर गायली. "भयंकर गोष्टी पुष्कळ आहेत, पण माणसाइतकं भयंकर काही नाही." काही करावं लागलं नाही, ओळ जशीच्या तशी उतरली, दोन्ही धारांसकट.

छंदाकडे येते. पूर्ण नाटक पद्यात असतं, आणि ग्रीक वृत्त आपल्यासारखंच लघु-गुरूवर चालतं, इंग्रजीसारखं आघातावर नाही. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, हाही नियम साधारण तोच. संवादांचं वृत्त बारा अक्षरांचं, चार-चारचे तीन तुकडे. वरचीच ओळ तोडून बघा: ओ कोइ नॉ नाउ, त देल फॉ निस, मे नेस क रा. प्रत्येक तुकड्यात दुसरं अक्षर गुरू, तिसरं लघु, चौथं गुरू, पहिलं कसंही चालतं. शेवटचं अक्षर गुरूच धरतात. भुजंगप्रयात टाळ्या वाजवत म्हणून पाठ केलेल्या मुलांना हे पाचव्या मिनिटाला जमतं. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की हे वृत्त साध्या बोलण्याच्या सगळ्यात जवळचं. मग पात्र हादरलं, वेडंपिसं झालं, की वृत्त बदलतं, लघु गुरू गुरू लघु गुरू असे पाच-पाच अक्षरांचे धापा टाकणारे तुकडे येतात, आणि वाचणाऱ्याला अर्थ लागायच्या आधीच कळतं की काहीतरी भयानक झालंय. दोन पात्रं एकेका ओळीने भांडतात तेही आहे, ओळीला ओळ, आपल्या सवाल-जवाबासारखं, समोरच्याचाच शब्द उचलून त्याच्यावर उलटवायचा.

कोरसच्या गाण्यांची भाषा वेगळी असते. संवाद अथेन्सच्या बोलीत, गाणी डोरिक बोलीचा रंग दिलेली, 'मेतेर' म्हणजे आई, ती गाण्यात 'मातेर' होते. नवख्याला वाटतं छपाईची चूक आहे. संस्कृत नाटकात बायका शौरसेनी प्राकृतात बोलतात आणि गातात महाराष्ट्री प्राकृतात, हे ज्याला माहीत आहे त्याला याचं काहीच नवल वाटणार नाही, गाण्याची बोली वेगळी असणं आपल्याकडे मुरलेलंच आहे.

मूळ ग्रीक वाचतो म्हणजे सॉफोक्लीसने लिहिलेलं वाचतो का? सरळ नाही. त्याच्या हातचं काही उरलेलं नाही. उरल्यात त्या हाताने केलेल्या नकला, नकलांच्या नकला. सॉफोक्लीसची सातही नाटकं असलेली महत्त्वाची पोथी फ्लॉरेन्सच्या लायब्ररीत आहे, ती साधारण दहाव्या शतकातली, म्हणजे नाटककारानंतर चौदाशे वर्षांनी. म्हणून वर्गात जे पुस्तक वापरतात त्यात प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात, तेही लॅटिनमध्ये, पाठभेद दिलेले असतात, कुठल्या पोथीत काय आहे, कुठल्या विद्वानाने काय सुचवलंय. पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली ती ज्यांनी उघडून पाहिलीये त्यांना हे दृश्य ओळखीचं आहे. मी वर ज्या मिडीयाच्या ओळी सांगितल्या ना, मला कळतंय तर, त्यांच्यासकट पंचवीस ओळी ऑक्सफर्डच्या आवृत्तीत चौकोनी कंसात टाकल्यात, संपादकाच्या मते त्या युरिपिडीसच्या नाहीतच, मागाहून घुसल्यात. बाकीचे कित्येक अभ्यासक हे मानत नाहीत. मलाही पटत नाही, पण का पटत नाही हे सांगायला तुम्हाला ग्रीकच लागतं, भाषांतर वाचून या भांडणात उतरताच येत नाही.

काय उरलं आणि काय गेलं यात नशिबाचा हात फार मोठा. युरिपिडीसची १९ नाटकं आहेत त्यातली ९ अशी वाचली की कुठल्यातरी संपूर्ण संग्रहाचा वर्णक्रमाने लावलेला एक भाग टिकला, म्हणून ती सगळी ग्रीक बाराखडीतल्या जवळजवळच्या अक्षरांनी सुरू होतात. इजिप्तच्या कोरड्या वाळूत पपायरसचे तुकडे सापडतात, ऑक्सिरिंकस गावच्या उकिरड्यावर १८९६-९७ च्या हिवाळ्यात खोदायला सुरुवात झाली, तिथले तुकडे अजून छापून होतायत. आणि २०२२ मध्ये इजिप्तमधल्या फिलाडेल्फिया नावाच्या प्राचीन गावी एका पपायरसवर युरिपिडीसच्या 'इनो' आणि 'पॉलिइडॉस' या हरवलेल्या नाटकांच्या मिळून शंभराच्या आसपास ओळी सापडल्या, २०२४ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचं नवीन लिखाण वाचायला मिळतंय, आणि ते पहिल्या दिवशी ज्यांना वाचता आलं ती मूळ भाषा शिकलेली माणसं होती.

रोजचा अभ्यास कसा चालतो ते सांगते, कारण इच्छुकांना तेच हवं असतं. एका बाजूला मूळ पुस्तक, एका बाजूला टीपांची आवृत्ती, आणि डिक्शनरी. मोठी डिक्शनरी १८४३ साली पहिल्यांदा निघाली, लिडेल आणि स्कॉट यांची (यातल्या लिडेलची मुलगी म्हणजे ती अ‍ॅलिस, वंडरलँडवाली), आणि २०२१ मध्ये केंब्रिजने वीसहून जास्त वर्षं खपून नवीन काढली. आता पर्सियस नावाच्या साइटवर शब्दावर क्लिक केलं की रूप ओळखून मिळतं, फुकट, पण पहिल्या वर्षी त्याची सवय लावून घेऊ नका, रूप स्वतः ओळखायला डोकं तयार व्हायला हवं, नाहीतर परीक्षेत अनोळखी उतारा समोर येतो तेव्हा हात रिकामे असतात. माझी पद्धत अशी, आधी वीस ओळी मोठ्याने वाचायच्या, मग शब्द काढायचे, मग पुस्तक न बघता मराठीत सांगायचं काय चाललंय, आणि शेवटी भाषांतर उघडायचं. भाषांतर वाईट नाही, फक्त सगळ्यात शेवटी. पहिले तीन महिने दिवसाला पाच ओळी होतात आणि रडू येतं. मग कधीतरी पन्नास होतात, आणि कधी झाल्या ते कळतच नाही.

आणि जमलं तर प्रयोग बघायचा. केंब्रिजमध्ये १८८२ पासून विद्यार्थी मूळ ग्रीकमध्ये नाटक करतायत, पहिलं सॉफोक्लीसचं 'एजॅक्स' होतं, आता दर तीन वर्षांनी होतं. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये १९५३ पासून दरवर्षी करतात. वर पडद्यावर इंग्रजी अक्षरं सरकत असतात, ती थोड्या वेळाने बघायचं आपण विसरतो.

शेवटी ईडिपसचा एक प्रवेश सांगते, कारण माझ्या मते मूळ भाषा का, याचं त्याहून चांगलं उत्तर नाही. ईडिपस राजाला अजून माहीत नाही की आपण बापाला मारलंय आणि आईशी लग्न केलंय. तेवढ्यात कॉरिंथहून एक म्हातारा निरोप्या येतो आणि साधा पत्ता विचारतो, राजा ईडिपसचा वाडा कुठाय हो, आणि तो स्वतः कुठाय माहीत आहे का. तीन ओळी. पहिलीचा शेवट 'मॅथॉइम होपू', कळेल का कुठे. दुसरीचा शेवट 'ओइदिपू', ईडिपसचा. तिसरीचा शेवट 'कातिस्थ होपू', माहीत आहे का कुठे. होपू, ओइदिपू, होपू. ओइदिपूस या नावाचा सरळ अर्थ सुजलेला पाय, त्यातला 'पूस' म्हणजे आपलं पद, पाय. पण कानाला त्यात 'ओइदा' ऐकू येतं, मला माहीत आहे, आणि हा 'ओइदा' संस्कृतातला वेद आहे, अहं वेद, मी जाणतो, मधलं. आणि 'पू' म्हणजे कुठे. म्हणजे ज्याच्या नावातच जाणणं आणि कुठे आहे त्यालाच माहीत नाही की तो कुठे उभा आहे, आणि पत्ता विचारणाऱ्या म्हाताऱ्याला काही कल्पना नाही की आपण काय विचारलं.

कोरस त्याला उत्तर देतो. वाडा हाच, तो आतच आहे. आणि मग राणीकडे हात करून ओळख करून देतो, "गुने द मेतेर हेदे तोन केइनू तेक्नोन". वाक्य साधं आहे, ही त्याची बायको, त्याच्या मुलांची आई. पण ग्रीकमध्ये शब्द ज्या क्रमाने कानावर येतात तो क्रम असा आहे, बायको, आई, ही, आणि मग क्षणभर जाऊन, त्याच्या मुलांची. प्रेक्षकांना गोष्ट आधीच माहीत होती. मी हे मराठीत माझ्या आईला वाचून दाखवलं, शब्द त्याच क्रमाने ठेवून, "बायको, आई, ही... त्याच्या मुलांची". ती भाजी निवडत होती, तिचा हात थांबला, आणि ती म्हणाली, थांब, पुन्हा वाच.